दोन खेपांनंतर घसरणारा टँकर

क्लच बिघडलेली गाडी शेडसमोर येऊन थांबली की मी आधी गाडीकडे बघायचो नाही. ड्रायव्हर खाली कसा उतरतो ते बघायचो. उतरून तो डावी मांडी चोळायला लागला तर पेडल जड झालेलं असायचं. त्याची डावी चप्पल तेलकट असली तर केबिनमधला सिलिंडर गळून तेल पायावर ठिबकत असायचं. निम्मं निदान असं जमिनीवरच व्हायचं. उरलेल्या निम्म्यासाठी मात्र मला गाडीखाली आडवं व्हावं लागायचं, आणि त्या आडवं होण्यानेच शेवटी माझे गुडघे नि पाठ दोन्ही गेले.

जव्हारहून मोखाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझी पत्र्याची शेड होती. शेडमध्ये माणूस उभा राहील एवढा खड्डा, त्यावर गाडी घ्यायची. तीस-बत्तीस वर्षं मी तिथे ट्रक, टेम्पो, टँकर दुरुस्त केले. इंजिनाचं कामही करायचो, पण लोक मला ओळखायचे ते क्लचसाठी. इथे सपाट रस्ता म्हणजे दोन वळणांमधली सुट्टी. चढ, उतार, पुन्हा चढ. ड्रायव्हरचा डावा पाय दिवसभर वर-खाली होत राहतो, आणि त्याच्याबरोबर क्लचही झिजतो.

ज्यांनी कधी गाडीखाली डोकं घातलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. इंजिन सारखं फिरत असतं. चाकांना ते फिरणं कधी हवं असतं, कधी नको असतं. म्हणून दोघांच्या मध्ये एक गोल प्लेट असते आणि जबरदस्त स्प्रिंगांचं एक ताट तिला इंजिनावर दाबून धरतं. पेडल दाबलं की ताट मागे सरकतं, प्लेट सुटते आणि गिअर बदलता येतो. पाय काढला की प्लेट पुन्हा घट्ट धरली जाते. पायाचा जोर त्या ताटापर्यंत पोचवायचं काम तेल करतं. पेडलपाशी एक छोटा सिलिंडर, खाली गिअरबॉक्सपाशी दुसरा, मध्ये नळी. आम्ही त्यांना वरचा आणि खालचा म्हणतो. वरच्यातला दट्ट्या सरकला की तेल खालच्यातला दट्ट्या ढकलतं. बस, एवढंच आहे. पण या एवढ्याशा तेलात हवेचा एक बुडबुडा शिरला की दहा टनांची गाडी जागची हलत नाही.

हे सगळं मला शिकवलं विन्सेंट मेस्त्रींनी. ते वसईचे. हायवेवर मनोरजवळ त्यांचं गॅरेज होतं. जव्हारहून मी तिथे गेलो तेव्हा मिसरूड नुकतं फुटलं होतं. त्यांनी पहिले सहा महिने मला पाना उचलू दिला नाही. "आधी पेडल दाब," म्हणायचे. "दाबून धर. शंभरपर्यंत मोज. आता सांग, पाय होता तिथेच आहे का?" पाय हळूहळू खाली जात असला, आणि बाहेर कुठे तेल सांडलेलं नसलं, तर वरच्या सिलिंडरच्या आतलं रबर गेलेलं. पेडल स्पंजासारखं लागलं आणि दोनचारदा भराभर मारल्यावर कडक झालं तर नळीत हवा. पेडल ठीक, पण खालच्या सिलिंडरची दांडी बोटभरही सरकत नसली तर खालच्यात बघायचं. "पाना शेवटी," ते म्हणायचे. "पाना लागला म्हणजे आता तुला फक्त खात्री करायची आहे."

मी ते शिकलो. पुढे एकदा विसरलो, तेही सांगणार आहे. पण आधी एक लग्न सांगतो, कारण ते आठवलं की मला अजून हसू येतं.

एका उन्हाळ्यात सकाळी एक माणूस मोटारसायकलवरून शेडवर आला. म्हणाला, "मेस्त्री, लवकर चल. नवरा रस्त्यात बसलाय." जामसरच्या पुढे वऱ्हाडाचा टेम्पो उभा होता. खालच्या सिलिंडरचं रबर फाटून सगळं तेल रस्त्यावर आलेलं. पेडल दाबलं की सरळ फळीला टेकत होतं. त्या मापाचं रबर माझ्याकडे नव्हतं, ते नाशिकहूनच आणावं लागलं असतं. नवरीचं गाव दाभोशाच्या अंगाला होतं. केबिनमध्ये धवलेरी बसली होती. आमच्याकडे लग्न लावते ती बाई म्हणजे धवलेरी, तिच्याशिवाय लग्न लागत नाही. ती म्हातारी मला म्हणाली, "तुझा तेल-बिल राहू दे. गाडी चालते का नाय ते सांग."

मी म्हणालो, "चालेल. थांबायची नाही, एवढंच."

क्लचशिवाय गाडी चालवता येते. पहिल्या गिअरमध्ये टाकून स्टार्टर मारायचा, गचका देऊन ती निघते. पुढचे गिअर इंजिनाच्या आवाजावरून टाकायचे. आवाज उतरून बरोबर जागेवर आला की गिअरची दांडी लोण्यातून गेल्यासारखी जाते, चुकला की दात करकरतात. मुश्किल असते ती थांबण्याची, कारण थांबायचं तर इंजिनच बंद करावं लागतं, आणि चढावर बंद केलं तर पुन्हा निघायची खात्री नाही. निम्मी माणसं मी उतरवून मोटारसायकलींवर पाठवली आणि स्वतः चालवायला बसलो.

गाव चढावरच होतं. रस्त्याच्या कडेला नवरीकडची मंडळी तांब्या, दिवा, ताट घेऊन उभी होती. मी मान बाहेर काढून ओरडलो, "पुढं! पुढं सपाटीवर!" आणि त्यांच्यासमोरून पहिल्या गिअरमध्ये, बैलगाडीच्या चालीने, नवऱ्याला घेऊन पुढे निघून गेलो. ताटवाली बाई दिव्यावर पदर धरून मागे पळतेय, तिच्यामागे म्हातारे, त्यांच्यामागे वाजंत्री. वाजंत्र्यांनी पळता पळता वाजवणं सोडलं नाही. धवलेरी हसून हसून डॅशबोर्डवर कोसळली. "इतक्या वर्षांत," ती डोळे पुसत म्हणाली, "नवरे पळून जाताना बघितले. वाजवत पळवून नेलेला पयलाच!"

असे दिवस पुष्कळ होते. शेडवर गाडी आली की ड्रायव्हरबरोबर बोलणं व्हायचं, कुठल्या गावात काय झालं ते कळायचं. मी खाली आडवा, तो वर केबिनमध्ये. मी ओरडायचो, "दाब!" तो दाबायचा. "सोड!" तो सोडायचा. खालच्या सिलिंडरच्या तोंडाशी एक बारीक बोल्ट असतो, त्याला आम्ही निपल म्हणतो. तो दाबलेल्या पेडलवर सैल केला की बुडबुड्यांसकट तेल येतं. बुडबुडे संपेपर्यंत दाब-सोड, दाब-सोड. या दाब-सोडीमध्ये मी लोकांच्या सोयरिकी ऐकल्या, भांडणं ऐकली. आता बऱ्याच नव्या गाड्यांत खालचा सिलिंडर गिअरबॉक्सच्या पोटातच बसवलेला असतो. बाहेरून बघायला काही नाही, आणि ओरडायलाही कुणी लागत नाही.

आता टँकरचं.

मोखाड्याच्या वरच्या पाड्यांमध्ये फाल्गुन सरला की विहिरींचा तळ दिसतो. पाऊस इथे धो-धो पडतो, पण सगळं पाणी दरीत उतरून जातं. मग टँकर सुरू होतात. खाली धरणाशेजारी भरायचे आणि पाड्यावरच्या कोरड्या विहिरीत नेऊन रिकामे करायचे. बायका त्या विहिरीतून पाणी शेंदतात. साखरशेतचा रावजी असाच एक टँकर चालवायचा. शांत माणूस. गाडीला कधी शिवी दिली नाही. एका वैशाखात तो सकाळी शेडवर आला. इंजिनाचा आवाज वाढतो, गाडी मात्र वाढत नाही, आणि केबिनमध्ये जळका वास येतो, म्हणाला.

आम्ही याला क्लच धरत नाही असं म्हणतो. प्लेट झिजून गुळगुळीत झाली की असं होतं. दहांतल्या नऊ वेळा प्लेटच असते.

"प्लेट गेली," मी म्हणालो.

रावजी म्हणाला, "पण मेस्त्री, सकाळी थंड असते तवा बरी चालते. दोन खेपा झाल्या का मंग घसरते."

"जुनी प्लेट तशीच करते रे."

खरं सांगायचं तर जुनी प्लेट तशी करत नाही. झिजलेली प्लेट सकाळीही घसरते, फक्त थोडी कमी. रावजीने मला गाडीचं दुखणं बरोब्बर सांगितलं होतं आणि मी ते ऐकून सोडून दिलं. मी पेडल दाबून धरलं नाही. निपल उघडून बघितला नाही. सरळ जॅक लावला आणि गिअरबॉक्स उतरवायला घेतला. ट्रकचा गिअरबॉक्स उतरवणं म्हणजे अख्खा दिवस जातो, चढवण्यात दुसरा निम्मा.

गिअरबॉक्स खाली आला आणि प्लेट हातात आली तेव्हा मला कळायला हवं होतं. किंबहुना कळलंच. प्लेटीवर घासून झिजणारा माल चांगला शिल्लक होता. वरून तापून काळी पडली होती, पण झिजलेली नव्हती. मी ती हातात धरून मिनिटभर उभा राहिलो. रावजी शेजारीच होता. त्याच वेळी मला म्हणता आलं असतं, "रावजी, प्लेट नाही रे. माझं चुकलं. परत बघूया." पण दिवसभर खपून उतरवलेला गिअरबॉक्स समोर पडला होता आणि क्लच म्हटलं की माझंच नाव घ्यायचे लोक. मी म्हणालो, "बघ, जळलीय." नवी प्लेट टाकली, सगळं चढवलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी टँकर दिला. संध्याकाळी गार गाडीने एक खेप केली, काही झालं नाही. मीही स्वतःची समजूत घालून घेतली.

तिसऱ्या दिवशी, तिसऱ्या खेपेला, भरलेला टँकर पाड्याखालच्या चढावर अडकला. रावजीने नंतर मला सगळं सांगितलं, ते लिहितो. इंजिन किंचाळत होतं आणि गाडी जागच्या जागी. मग ती मागे सरायला लागली. ब्रेक लागला, पण भार इतका की टायर खडीवरून घसरत होते. मागच्या बाजूला दरी. दोन माणसांनी पळत येऊन चाकांखाली दगड टाकले. दगड तुटतील की राहतील याचा भरवसा नव्हता. रावजी उतरला, मागे गेला आणि टँकरचा वॉल्व्ह उघडला.

पाड्यातल्या बायका हंडे घेऊन वर विहिरीपाशी उभ्या होत्या. त्यांनी वरून बघितलं, की त्यांचं पाणी रस्त्यावरून वाहत खाली दरीकडे चाललंय. मग रिकामे हंडे उचलून त्या दरीकडे वळल्या, रावजी म्हणाला. त्याचंच त्याला जास्त लागलं.

निरोप आला तसा मी मोटारसायकल घेऊन गेलो. रस्ता अजून ओला होता. इंजिन तापलेलं होतं. मी टँकरखाली शिरलो आणि जे पहिल्याच दिवशी करायचं ते केलं. रावजीला पेडलला हात लावू नको म्हटलं आणि निपल सैल केला. पेडल मोकळं असताना निपलमधून तेल फक्त ओघळायला हवं. माझ्या तोंडावर पिचकारी आली.

म्हणजे पेडलवर पाय नसतानाही तेल दाबात होतं. ड्रायव्हरने पाय काढलेला, पण क्लचला वाटत होतं की पाय अजून पेडलवरच आहे. निपल पुन्हा आवळला आणि रावजीला गाडी पुढे घ्यायला सांगितली. गाडी चढावर ताठ उचलली गेली. नवी प्लेट, जुनी प्लेट, कशाचाच संबंध नव्हता. दोन सिलिंडरांच्या मध्ये वीतभर रबरी नळी असते. ती आतून फुगून तिचं भोक सुईएवढं झालं होतं. पायाच्या जोराने तेल पुढे जायचं, पण परत यायला रस्ता मिळायचा नाही. दोन खेपांनी नळी तापली की आणखी फुगायची. रावजीने सांगितलं होतं तसंच, अगदी तसंच.

नळी बदलायला तासभरही लागला नाही. हात पुसत असताना रावजी म्हणाला, "मेस्त्री, भिवरीबाई पडली."

टँकर बंद होता त्या दोन दिवसांत पाड्यातल्या बायका दरीतल्या झऱ्यावर जात होत्या. दगडांच्या कपारीत ओंजळभर पाणी साठतं, ते वाटीने हंड्यात भरायचं. भिवरीबाई, पन्नाशीची विधवा, भरलेला हंडा घेऊन वर येताना दगडावरून घसरली. मनगट मोडलं.

मी तिला भेटायला गेलो, पण लगेच नाही. चार दिवस धीर झाला नाही, हेही लिहायला हवं. पाचव्या दिवशी गेलो. ती दारात बसून डाव्या हाताने नाचणी पाखडायचा प्रयत्न करत होती. उजवा हात प्लास्टरमध्ये. मला ओळखत नव्हती. मी सांगितलं, टँकर दुरुस्त करणारा मेस्त्री तो मी.

"बस," ती म्हणाली.

मी बसलो आणि तिला सगळं सांगितलं. प्लेट, सिलिंडर, नळी. का सांगितलं कुणास ठाऊक. नुसतं "चुकलं" म्हणून उठणं मला जमलं नाही. ती पाखडायचं थांबवून ऐकत होती. तिने मधेच विचारलं, "म्हणजे पाय काढला तरी दाबलेलाच राहतो?"

"हो. आणि मग गाडीला जोर मिळत नाही. इंजिन नुसतं ओरडत राहतं."

तिने सूप बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "रावजी तुला सांगत होता ना, थंड असली का चालते म्हणून?"

"सांगत होता."

"मंग तू आयकला नाय?"

आमच्याकडच्या बोलीत लहान-मोठा सगळ्यांनाच तू असतो, त्यात अपमान नसतो. तिच्या विचारण्यात रागही नव्हता. तिला खरोखरच कळत नव्हतं की ज्या माणसाची गाडी आहे तोच सांगतोय, तर मी ऐकलं का नाही. मी म्हणालो, "नाय आयकला." तिने मान हलवली आणि सून आतून काळा चहा घेऊन आली तो मला प्यायला लावला.

त्यानंतर दरवर्षी होळी झाली की त्या भागातले टँकर मी कुणी न बोलावता तपासायला लागलो. नळ्या बदलायच्या, तेल बदलायचं, निपल उघडून बघायचा. मोसमातल्या पहिल्या खेपेला रावजीशेजारी बसून पाड्यावर जायचो. भिवरीबाईचं मनगट जुळलं, पण सरळ झालं नाही. हंडा ती डाव्या बाजूने उचलायला शिकली. मला बघितलं की विचारायची, "नळी बरी हाय?" मी म्हणायचो, "बरी हाय." यापेक्षा जास्त बोलणं आमच्यात क्वचितच झालं.

रावजीने काम सोडलं तेव्हा त्याच्या जागी दुसरा ड्रायव्हर आला, भिवंडीत बरीच वर्षं ट्रक चालवलेला. त्या वर्षी वैशाखात एका दुपारी पाड्यावरून फोन आला. पाड्यातल्या एकाने फोन लावून भिवरीबाईच्या हातात दिला होता. ती फोनमध्ये ओरडूनच बोलली.

"मेस्त्री, गाडी बरी नाय."

"का? अडकली?"

"अडकली नाय. येते. पण खालच्या वळणावर आवाज मोठा निघतो, गाडी तवढी येत नाय. सकाळच्याला नाय. दुपारच्याला."

मी ड्रायव्हरला फोन केला. तो हसला. "कुछ नहीं है मेस्त्री, गाडी एकदम मस्त आहे. म्हातारी काहीतरी बोलते." मी त्याला म्हटलं, भरून घे आणि मी येईपर्यंत चढाच्या खाली थांब.

पोचलो तेव्हा तो सीटवर पाय पसरून बसला होता. मी आधी पेडलला हात लावला. हाताने दाबल्यावर सुरुवातीला थोडं पोकळ लागायला हवं, मग जोर. इथे पोकळी जराही नव्हती. त्याला पेडल उंच हवं होतं म्हणून त्याने स्वतःच पेडल नि वरचा सिलिंडर जोडणाऱ्या दांडीचा नट आवळून घेतला होता. त्यामुळे वरच्या सिलिंडरमधलं तेल परत यायचं भोक अर्धं झाकलेलं राहत होतं. सकाळी चालून जायचं. दुपारी तेल तापून फुगलं की दाब अडकायचा. मी खाली शिरून निपल सैल केला. पिचकारी आली, छोटी, पण आली.

ड्रायव्हर खाली वाकून बघत होता. त्याचा चेहरा उतरला. "मुझे तो पताही नहीं चला," तो म्हणाला. अजून पाचसहा दिवसांनी त्यालाही कळलं असतं, त्याच चढावर, भरलेल्या टँकरसकट. मी नट अर्धा फेरा सैल केला, हाताने पोकळी तपासली आणि म्हणालो, "चल." दहा मिनिटांचं काम होतं. पाण्याचा एक थेंब सांडला नाही.

मी टँकरमध्येच बसून वर गेलो. भिवरीबाई विहिरीच्या कठड्यापाशी उभी होती. मी खाली उतरलो आणि सगळ्या बायकांसमोर तिला म्हणालो, "भिवरीबाई, तू सांगितलास तसाच निघाला. ड्रायव्हरला कळला नव्हता."

बायका तिच्याकडे बघून हसायला लागल्या. ती मात्र हसली नाही. ड्रायव्हरने पाइप विहिरीत सोडला होता, तो उसळी मारत होता. तिने वाकड्या मनगटाने तो कठड्यावर दाबून धरला.

"कळायचा काय," ती म्हणाली. "गाडी येईपर्यंत आमी दुसरा करतो काय हिथं? कान लावूनच बसतो."

पाणी खाली पडल्याचा आवाज यायला लागला तशी तिने मला हाताने बाजूला हो म्हणून खूण केली, कारण मी तिच्या हंड्याच्या वाटेत उभा होतो.